माडीवरच्या साहेबांच्या जागी

माणसाने कसं वागू नये हे शिकायचं असेल तर माडीवरच्या साहेबांकडे बघावं, असं आत्याबाईंचं त्या सकाळपासून ठाम मत झालं. साहेब मुख्याधिकाऱ्याची नोकरी सोडून, गाव सोडून चालले, ही बातमी आधी नगरपालिकेला कळली, मग औषधवाल्याला, मग न्हाव्याला, न्हाव्याकडून अर्धी दाढी झालेल्या हेडमास्तरांना, आणि अशी सगळ्या गावात फिरून शिळीपाकी होऊन ती आत्याबाईंच्या दारात आली, ती दूधवाल्याच्या तोंडून. तीही त्याने माप ओतता ओतता सांगितली. "मग माडीवरचं दूध पुढच्या महिन्यापासून बंद ना?" म्हणाला. आत्याबाईंनी पातेलं पुढे धरलं, चेहरा हलू दिला नाही. "बंद करायचं तेव्हा सांगू आम्ही," त्या म्हणाल्या, जणू काही साहेबांनी आधी त्यांचाच सल्ला घेतला होता.

ज्या घराच्या जिन्यावरून माणूस इतकी वर्षं चढला-उतरला, त्या घराच्या मालकिणीला "आम्ही चाललो" हे दोन शब्द सांगणं ज्याला जमत नाही, त्याने गावाचा कारभार केला तरी कसा?

अर्थात कसा केला ते आत्याबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तो करून घेतला होता.

नगरपालिका गावाच्या पार वरच्या अंगाला, चढावर. तिथवर धापा टाकत जावं, तर कारकून म्हणणार, उद्या या. त्यापेक्षा आत्याबाईंचा ओटा बरा. आत्याबाईंचं माहेर गल्लीच्या या टोकाला आणि सासर त्या टोकाला, त्यामुळे त्या जन्मापासून गावाच्याच. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना आत्याबाई म्हणत. ओट्यावर येऊन माणसाने गाऱ्हाणं सांगायचं. आत्याबाई ते ऐकायच्या, त्यातलं निम्मं खोटं म्हणून जागच्या जागी काढून टाकायच्या आणि उरलेल्यासाठी कोपऱ्यातली जाळी काढायची लांब काठी उचलून बैठकीच्या खोलीच्या छताला ठोकायच्या. छत म्हणजे वरच्या माडीच्या फळ्या, आणि फळ्यांवर साहेब. एकदा ठोकलं तर खाली या. दोनदा ठोकलं तर आत्ता या. काठी थांबतच नसली तर गटार तुंबलंय, चपला घालून या. साहेब कानावर पेन घेऊन उतरायचे, आणि संध्याकाळपर्यंत काम झालेलं असायचं. बाहेरून आलेल्या कोणी नगरपालिका कुठे म्हणून विचारलं, तर लोक चढावरची इमारत दाखवत नसत. आत्याबाईंचा ओटा दाखवत.

आता हा असा जमलेला संसार मोडून साहेब का चालले? याचंही उत्तर आत्याबाईंनी कोणाला न विचारता काढलं. गेले कितीतरी महिने साहेब रोज न चुकता पोस्टात जात होते. ऊन असो, पाऊस असो, दुपारी पोस्ट. कधी पाकीट, कधी कार्ड. "अर्ज!" आत्याबाई सूनबाईंना म्हणाल्या. "गावोगाव अर्ज पाठवत होता मेला. माझ्याच जिन्यावरून उतरून!"

सूनबाईंनी चहाची कपबशी पुन्हा धुतली. धुतलेलीच होती.

पोस्टाचं नाव निघालं की आत्याबाईंचं डोकं एरवीही फिरायचं. पोस्टाच्या खिडकीत एक बाई बसत असे. नातवाला स्वेटर पाठवायचा म्हणून आत्याबाई एकदा कापडात शिवलेलं पार्सल घेऊन गेल्या, तर त्या बाईने शिवणीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजी, ही वाटेत उसवेल. पक्की शिवून आणा." एका वाक्यात दोन अपमान. अख्खं गाव ज्यांना आत्याबाई म्हणतं त्यांना आजी! आणि शिवण उसवेल! ज्यांच्या हातची शिवण फाडायला घरातली पोरं कात्री शोधतात, त्यांची शिवण! आत्याबाई पार्सल घेऊन तशाच परत फिरल्या, आणि स्वेटर शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती गेला. शिवण त्यांनी त्या रात्री ओढून बघितली होती. थोडी उसवली. पण तो प्रश्न नव्हता.

तर साहेबांनी आपणहून सांगितलं नाही. आत्याबाई आपणहून विचारणार नव्हत्या. त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली आणि तिच्यावर धुतलेलं फडकं वाळत टाकलं. ओट्यावर लोक आले तर त्या म्हणाल्या, "चढावर जा. नगरपालिका तिकडे असते." लोक चढावर जाईनात. कामं ओट्यावरच साठायला लागली.

*

गावाचे नगराध्यक्ष म्हणजे आत्याबाईंचे जावई. सभेत ते सासूला आत्याबाई म्हणत, आणि जेवायला बसले की आई. माणूस गुणाचा, पण एक निर्णय धड घेईल तर शपथ. चपला घ्यायला गेले तर दोन दुकानांतून एकेक आणतील. साहेबांच्या जागी नवा माणूस निवडायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तेच. बाकी दोघं म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि औषधवाला. समितीची पहिली बैठक नगरपालिकेच्या सभागृहात ठरली होती. पण नवा साहेब येणार म्हणून बाकांना रंग देऊन झाला होता, आणि तो वाळलाय की नाही हे बघायची जबाबदारी कोणावरच नव्हती. हेडमास्तर वेळेवर आले, वेळेवर बसले, आणि ठराव मांडायला उठले ते मागचं कापड बाकालाच चिकटलेलं ठेवून. आयुष्यभर मुलांना बाकावर उभं करणाऱ्या माणसाला बाकाने असं धरून ठेवावं! त्यानंतर समिती आत्याबाईंच्या बैठकीच्या खोलीत भरायला लागली. कायदा कळणारा माणूस वरच राहतो, हे दुसरं कारण. चहा मिळतो, हे खरं.

"परीक्षा घ्यावी," हेडमास्तर म्हणाले. ते उशी घेऊन बसले होते. "लेखी आणि तोंडी."

"अहो, परीक्षेला बसायला आधी माणसं नकोत का?" औषधवाला म्हणाला. "जाहिरात द्या."

"मी काय म्हणतो," जावईबापू म्हणाले, "शेजारच्या गावाला पण साहेब हवाच आहे. दोघांत मिळून एकच ठेवला तर? अर्धा आठवडा त्यांच्याकडे, अर्धा आपल्याकडे."

आतून, चहाच्या आधणावरून आत्याबाईंचा आवाज आला, "गटारालाही सांगून ठेवा मग. आपल्या अर्ध्यातच तुंबायचं म्हणावं."

तो विचार तिथेच बुडाला. मग प्रश्न आला, नेमणूक करायची कायद्याने पद्धत काय? तिघांनी एकमेकांकडे बघितलं, मग छताकडे, मग काठीकडे.

"वाजवा हो, आत्याबाई."

"मी नाही वाजवायची. आमचं बोलणं नाही."

शेवटी हेडमास्तर उठले. छडी आयुष्यभर हातात होती, काठीचं काय एवढं, असं त्यांना वाटलं असणार. पहिला फटका बल्बला बसला. दुसरा फळीला बसला, आणि वरची कित्येक वर्षांची धूळ खाली उतरून ताज्या चहावर बसली. साहेब जिन्यात दिसले, कानावर पेन, आणि वरच्याच पायरीवरून म्हणाले, "हा आत्याबाईंचा हात नाही. बऱ्या आहेत ना त्या?"

आत्याबाईंनी तोंड फिरवून साखरेचा डबा उघडला, आणि उगाचच पुन्हा झाकला.

साहेबांनी पद्धत सांगितली. पद्धत साधी होती. राजीनामा मंजूर झाल्याच्या कागदावर साहेबांची सही लागते.

"म्हणजे तुमचा राजीनामा मंजूर म्हणून तुम्हीच सही करायची?" जावईबापूंनी विचारलं.

"हो."

"आणि नव्या माणसाच्या नेमणुकीवर?"

"तीही माझीच. पण राजीनाम्यावर सही झाली की मी कोणी राहत नाही. मला नेमणुकीवर सही करता येत नाही."

"मग आधी नेमणूक करून टाकू."

"जागा रिकामी नसताना नेमणूक होत नाही."

तिघांनी चहा भुरकून घेतला. मग साहेबच समजूत घालत म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. माणूस निवडून ठेवा. एका बैठकीला दोन्ही कागद आणू. मी माझ्या राजीनाम्यावर सगळ्यात शेवटी सही करीन."

इतकं समजूतदारपणे स्वतःला घालवणारा माणूस आत्याबाईंनी पाहिला नव्हता. त्यांना त्याचाही राग आला.

जाहिरात साहेबांनीच लिहून दिली, कारण बाकीच्यांची "आमच्या येथे" च्या पुढे जाईना. औषधवाल्याने ती सगळ्यांना वाचून दाखवली. आत्याबाईंची शाळा लहानपणीच सुटलेली. सही येते, पाट्यांवरची मोठी अक्षरं लागतात, बाकी वाचून घ्यायचं. त्यांनी कान देऊन ऐकलं. शिक्षण अमुक, अनुभव तमुक, राहायची सोय माडीवर, इथपर्यंत आल्यावर औषधवाल्याला खोकल्याची अशी उबळ आली की मधली एक ओळ खोकल्यातच गेली. औषधाचं दुकान असून माणूस असा खोकतो! आत्याबाईंनी त्याला पाणी दिलं. हेडमास्तर छताकडे बघत होते, जावईबापू चपलांकडे.

निरोपाच्या भेटवस्तूचंही तसंच झालं. काय द्यावं यावर समितीचं एकमत होईना, तेव्हा खरेदीचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्या साहेबांनाच बाजारात धाडलं. त्यांनी स्वतःच्या निरोपाची बॅग स्वतः निवडली, दुकानदाराशी नगरपालिकेच्या वतीने घासाघीस केली, ती डोक्यावर घेऊन माडीवर आणून ठेवली आणि समितीला म्हणाले, "समारंभापर्यंत मी बघितलेली नाही असं धरू."

*

आता आत्याबाईंनी लक्ष घातलं. म्हणजे लक्ष घालायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण ठरवून किती दिवस राहणार?

"नेमा तुम्ही कोणालाही," त्यांनी समितीला सांगितलं. "पण राहणार तो माझ्या डोक्यावर. परीक्षा तुम्ही घ्या, लेखी घ्या, तोंडी घ्या. पाय मी ऐकणार."

"पाय?" हेडमास्तर म्हणाले.

"माणूस कसा आहे ते पायांवरून कळतं. तोंडाने काय, कोणीही गोड बोलतं. वर चढायचं, खोलीत फेऱ्या मारायच्या, खाली यायचं. मी खाली बसून ऐकणार."

"हे नियमात बसत नाही, आत्याबाई."

"नियमात मनाई नाही," जिन्यातून साहेब म्हणाले. ते जिन्याचा कठडा पुसत होते, उमेदवार येणार म्हणून.

मुलाखतीच्या दिवशी बैठकीच्या खोलीत न्हाव्याच्या दुकानातून मागून आणलेल्या खुर्च्या मांडल्या. त्यांतली एक फिरती होती. ती हेडमास्तरांच्या वाट्याला आली, त्यामुळे प्रश्न विचारताना ते कधी उमेदवाराकडे तोंड करून, तर कधी खिडकीकडे. आत्याबाईंनी आपली खुर्ची बरोबर माडीच्या मधोमध खाली घेतली, डोळे मिटले, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या, जणू गाणं ऐकायला.

पहिला उमेदवार आला तो प्रशस्तिपत्रकांची पिशवी घेऊन. बोलायला भारदस्त. चालायलाही भारदस्त. तो वर गेल्यावर बल्ब झोके घ्यायला लागला, आणि औषधवाल्याच्या चहात फळ्यांच्या फटीतून काहीतरी पडलं, जे त्याने आधी वेलची समजून प्यायलं. पण आत्याबाईंचं लक्ष पावलांवरून उडालं. कारण वरून साहेबांचा आवाज येत होता. ते उमेदवाराला खोली दाखवत होते.

"ही खिडकी ओढायची नाही, उचलायची. आणि ही फळी बघा, ही कुरकुरते. दुपारी हिच्यावर पाय देऊ नका. आत्याबाई खाली पडलेल्या असतात. मी कडेकडेने जातो."

आत्याबाईंनी डोळे उघडले. इतकी वर्षं दुपारी माडी एकदम गप्प होते, ती साहेब झोपतात म्हणून, असा त्यांचा समज होता. आळशी माणूस, दिवसा झोपतो, असं त्या गल्लीभर सांगतही आल्या होत्या.

"आई, काय झालं?" सूनबाईंनी विचारलं.

"काही नाही. हा नको. हत्ती आहे."

दुसरा उमेदवार इतका हळू चालला की तो वर आहे की नाही तेच कळेना. समितीला तो पसंत पडला. कायदा पाठ, कपडे स्वच्छ, हेडमास्तर फिरतील तिकडे तोंड करून उत्तर देणारा. आत्याबाई म्हणाल्या, "नको."

"अहो, पण आवाजच नाही याच्या चालण्याला!" जावईबापू म्हणाले.

"तेच म्हणते मी. घरात माणूस ठेवायचाय की मांजर? मी काठी वाजवली आणि वर कोणी हललंच नाही असं वाटलं, तर मी काय समजायचं? गेला की काय?"

हे शेवटचं त्या जरा घाईने बोलल्या, आणि मग त्यांनी सूनबाईंना चहा फार उकळलाय म्हणून रागावून घेतलं. चहा चुलीवर नव्हताच.

तिसरी उमेदवार बाई निघाली. आली, बसली, फिरत्या खुर्चीचा पाय आपल्या पायाने अडवला आणि हेडमास्तरांना म्हणाली, "हं, आता विचारा." विचारलेल्याची उत्तरं दिली, न विचारलेल्याचीही दिली. बाकांचा रंग वाळत का नाही तेही सांगितलं. वर गेली ती ठाम पावलांनी, खोलीभर एक फेरी मारली, आणि कुरकुरणाऱ्या फळीला वळसा घालून परत फिरली. आत्याबाईंनी न राहवून काठी उचलली आणि एक ठोका दिला. वरून लगेच टाचेचा एक ठोका परत आला.

"ही!" आत्याबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काठी परत कोपऱ्यात उभी करून त्यांनी तिच्यावर फडकं टाकलं.

बाई खाली आली आणि बसताना फिरती खुर्ची पुन्हा पायाने अडवली. "जागा पसंत आहे," ती म्हणाली. "गावही बरं दिसतंय. फक्त तुमच्या जाहिरातीतली एक अट मला मान्य नाही. 'उमेदवार एकटा राहणारा असावा, जोडप्यास जागा मिळणार नाही.' मला नवरा आहे. तो माझ्याबरोबर राहणार. ही अट मी कुठल्याच गावात पाहिली नाही."

"असली बावळट अट घातली कोणी?" आत्याबाई कडाडल्या. "नवरा असला म्हणून काय झालं? जिना रुंद आहे, माडी मोठी आहे. माणसाने काय नवरा स्टेशनवर ठेवून यायचं? कोणी घातली अट? बोला! जावईबापू, तुम्ही?"

जावईबापूंनी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तरांनी फिरायचा प्रयत्न केला, पण खुर्ची अडवलेली होती. औषधवाल्याला खोकला आला, पण आता तो कोणाला खरा वाटेना.

"तुम्ही, आई," शेवटी सूनबाई म्हणाल्या.

"मी?"

"साहेब पहिल्यांदा जागा बघायला आले तेव्हा. दारातच उभ्या होतात. म्हणालात, 'एकटा माणूस असेल तरच. या घरात पुन्हा दोघं नकोत मला.'"

आत्याबाईंना आठवलं. त्याच्या आधी माडीवर एक जोडपं होतं. दोघं भांडायची, भांडी फेकायची, आणि एकमेकांच्या मागे खोलीभर धावायची. खाली वाटायचं, वर घोड्यांचा बाजार भरलाय. ती गेली त्याच दिवशी साहेब आले होते.

"अगं, ते मी त्या दोघांबद्दल बोलले होते!" आत्याबाई म्हणाल्या. "जगातल्या सगळ्या दोघांबद्दल नव्हे!"

त्याच वेळी दारात धडाम् असा आवाज झाला. साहेब तिसऱ्या उमेदवारासाठी पाण्याचे पेले घेऊन येत होते. आता पेले जमिनीवर होते, पाणी चपलांत होतं, आणि साहेब रिकामा ट्रे छातीशी धरून उभे होते.

"काय म्हणालात, आत्याबाई?" ते म्हणाले. "जोडपं चालेल?"

सगळ्यांचे चेहरे असे होते की आत्याबाईंना सगळं एकदम कळलं. कळू नये म्हणून गावाने किती मेहनत घेतली होती, तेही कळलं.

"लग्न करताय?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. कानावरचं पेन पडलं.

"म्हणून नोकरी सोडताय?"

"अट होती ना."

"मग गावात दुसरं घर नव्हतं? गावाला घरांचा तोटा आहे?"

"घरं आहेत," साहेब म्हणाले. "पण तुमची माडी सोडून पलीकडच्या गल्लीत राहायला गेलो असतो, तर रोज तुमच्या दारावरून जाताना तोंड कसं दाखवलं असतं? त्यापेक्षा म्हटलं, गावच सोडावं."

आत्याबाई वळल्या. "आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?"

हेडमास्तरांना ठाऊक होतं. औषधवाल्याला ठाऊक होतं; खोकला त्याचाच होता. सूनबाईंना तर सगळ्यांच्या आधी. दूधवाल्यालाही ठाऊक होतं, म्हणजे निदान त्याला एक माप वाढेल की कमी होईल हा प्रश्न पडला होता.

"जावईबापू, तुम्हालासुद्धा?"

"आम्ही बैठकीत विचार केला होता," जावईबापू रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "की आईंना अट बदला म्हणून सांगायचं, की साहेब बदलायचे. सांगायला कोण जाणार यावर ठराव होईना. साहेब बदलणं सोपं वाटलं."

तिसरी उमेदवार आता हसायला लागली, आणि तिचं हसणं थांबेना. "तुमच्या राजीनाम्यावर सही झाली का हो?" तिने साहेबांना विचारलं.

"नाही. मी शेवटी करणार होतो."

"मग जागा रिकामीच नाही. नसलेल्या जागेच्या मुलाखतीला मी एवढ्या लांबून आले!" ती पर्स घेऊन उठली. "मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जाणारा माणूस येणाऱ्याला कुठली फळी कुरकुरते ते सांगतो, तेव्हा तो जाणार नसतो."

"तुम्ही कुठे निघालात? जेवून जायचं," आत्याबाईंनी तिला बजावलं. "आणि जाण्यायेण्याचं भाडं नगरपालिका देईल. जावईबापू, यावर ठराव नको, खिसा उघडा." मग त्या साहेबांकडे वळल्या. एकच प्रश्न राहिला होता. "मुलगी कोण?"

आता मात्र सगळी समिती एकदम दाराकडे सरकली. सूनबाई चुलीकडे गेल्या. साहेबांनी ट्रे आणखी घट्ट धरला.

"पोस्टातली," ते म्हणाले.

रोजचं ते पाकीट. रोजचं ते कार्ड. खिडकीच्या अलीकडून पलीकडे, त्याच गावात, टपालाचं तिकीट लावून. आत्याबाईंच्या डोळ्यांपुढे पार्सल आलं, शिवण आली, शिवणीवरचं बोट आलं, आणि 'आजी' हा शब्द तर कानातच वाजला. जावईबापूंनी श्वास रोखला. हेडमास्तर आपली उशी शोधत होते.

आत्याबाई काठीपाशी गेल्या. तिच्यावर वाळत घातलेलं फडकं काढलं, त्याची नीट घडी केली, आणि काठी हातात घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"ऐका, साहेब, माझा निकाल. गाव चालवता, आणि एका बाईला एक प्रश्न विचारायची छाती नाही तुमची! भित्रे आहात. आणि हे सगळे तुमच्याहून भित्रे, म्हणून तुम्ही इथे शोभता. जायचं नाही. ती निरोपाची बॅग पोस्टात नेऊन द्या, तिचं सामान आणायला लागेल. तिला सांगा, मला आजी म्हणायचं नाही, आणि शिवणीचं म्हणाल तर... माडीच्या पडद्यांची शिवण तिनेच घालावी, बघू दे मला तिची. दुपारी कडेकडेने चालायचं नाही. फळी कुरकुरली की मला कळतं घरात माणूस आहे. आणि काठी वाजली की दोघांनी धावत खाली यायचं नाही, एकानेच यायचं. कोणी यायचं ते तुमचं तुम्ही वर ठरवा. एवढी तरी निवड समिती न नेमता करा!"